चादरीतला मोर : बारा कार्डांच्या नोंदी

३० नोव्हेंबर

एटीसी म्हणजे आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड, हाताने केलेलं छोटं चित्रकार्ड. त्यांच्या या वेळच्या अदलाबदलीचा विषय कळला : ‘आपल्या गावचं कापड’. सोलापूरच्या बाईला याहून सोपा विषय कोणता, असं आधी वाटलं. रात्री अंथरूण घालताना चादर झटकली आणि तिथेच थांबले. लग्न होऊन या घरात आल्यापासून ही चादर पांघरते आहे. पण तिच्यावरचा मोर न बघता काढून दाखव म्हटलं तर मला काढता येणार नाही.

आम्ही बारा जण आहोत. प्रत्येकाने बारा कार्डं करायची, अकरा बाकीच्यांची आणि एक आपल्या वहीत. वीस जानेवारीपर्यंत ती नाशिकच्या ताईंकडे पोचवायची, सोबत आपला पत्ता आणि तिकिटं लावलेलं परतीचं पाकीट. ताई वाटणी करतात आणि आपल्याला अकरा वेगवेगळी कार्डं परत येतात.

माप ६४ बाय ८९ मिलिमीटर, पत्त्यांच्या कॅटमधल्या पानाएवढं. १९९७ मध्ये झुरिचमध्ये वान्ची स्टिर्नेमान या कलावंताने हे सुरू केलं, तेव्हापासून माप तेच आणि नियमही तोच : कार्ड विकायचं नाही, द्यायचं आणि घ्यायचं. मागच्या खेपेची, खोडरबरावर कोरलेल्या ठशांनी छापलेली कार्डं ऑफिसात दाखवली तेव्हा शेजारच्या टेबलवरच्या मॅडम म्हणाल्या, पन्नास रुपयाला एक देतेस का? त्यांनी प्रेमानेच विचारलं होतं. मी सांगितलं, पैसे नकोत, तुम्ही एक करून आणा, मी एक देते. अजून त्यांनी आणलेलं नाही, पण त्यांच्या ड्रॉवरमध्ये खोडरबर येऊन पडलं आहे हे मी पाहिलंय.

३ डिसेंबर

नवी पेठेतून कागद आणला. २५० जीएसएमचं कार्डशीट, पांढरंफेक नाही, जरा सायीकडे झुकणारं. आमच्या चादरीतलं पांढरं सूतही आता असंच दिसतं.

ए-फोरच्या एका कागदातून नऊ कार्डं निघतात, तीन आडवी आणि तीन उभी. बाजूला १८ मिलिमीटरची आणि खाली ३० मिलिमीटरची पट्टी उरते. ती टाकायची नाही, ठसा तपासायला लागते. दोन कागद कापले, अठरा कार्डं झाली. बारा खरी आणि सहा बिघडायला. सहा पुरतील की नाही माहीत नाही.

७ डिसेंबर

मोठ्या खोडरबरवर पहिला मोर कोरला. मान गोल, पिसारा गोल, डोळा गोल. ठसा स्वच्छ उठला, कुठे रेघ तुटली नाही. तरी बघत बसले तसा तो मोर परका वाटायला लागला. लग्नपत्रिकेवर असतो तसला मोर. आमच्या चादरीतला नव्हे.

यांना दाखवला, हे म्हणाले छान आहे. लेकीने विचारलं, “आई, हा कुठला पक्षी?”

८ डिसेंबर

मामंजींना विचारलं. खरं तर आधी त्यांनाच विचारायला हवं होतं. पस्तीस वर्षं पूर्व भागातल्या कारखान्यांतून जेकॉर्ड, म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र, लावणं आणि दुरुस्त करणं हेच त्यांचं काम होतं. आता गुडघ्यांमुळे बाहेर फार जात नाहीत.

त्यांनी ठसा चष्म्याजवळ नेला, मग चादरीचा कोपरा मांडीवर ओढला आणि मोराच्या पाठीवर नख ठेवलं. “ही पाठ गोल आहे का बघ बरं.”

मी वाकून बघितलं. गोल नव्हतीच. लांबून गोल दिसते. जवळून बघितलं की पायऱ्या आहेत. दोन धागे वर, एक पुढे, परत दोन वर, एक पुढे. मान म्हणजे जिना आहे. डोळा म्हणजे एक चौकोन आणि त्याच्या भोवती चार ठिपके.

“मागावर गोल काही निघतच नाही पोरी,” मामंजी म्हणाले. “धागा उभा नाही तर आडवा. डिझाइनवाला आधी ग्राफवर काढतो. एक घर म्हणजे एक धागा. घर भरलं तर धागा वर, रिकामं तर खाली. मग त्याच्यावरून पट्ट्यांना भोकं पाडायची.”

एवढं बोलून ते उठले आणि माळ्यावरून पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा गठ्ठा होता. जुनं जेकॉर्ड भंगारात गेलं तेव्हा त्यांनी हा तेवढा मागून घेतला होता. मी इतकी वर्षं या घरात आहे, मला ठाऊक नव्हतं.

एकेका पट्ट्यावर आठ-आठ भोकांच्या ओळी, काही जागी भोक, काही जागी नाही. पट्टे एकमेकांना दोरीने शिवलेले आणि प्रत्येकावर क्रमांक. एक पट्टा म्हणजे एक आडवा धागा. पट्टा जेकॉर्डमधल्या सुयांवर येऊन टेकतो. भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. मग मधून आडवा धागा जातो, पुढचा पट्टा येतो. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने हे यंत्र उभं केलं, त्याच्याच नावाचं आमच्याकडे जेकॉर्ड झालं. मामंजींना जॅकार्ड हा माणूस होता हे आज माझ्याकडून कळलं. ते म्हणाले, “माणूस होता होय! मला वाटायचं कंपनी आहे.”

आता बऱ्याच ठिकाणी पट्ट्यांची जेकॉर्डं गेली, डिझाइन कॉम्प्युटरवरून थेट मागाला जातं. घर भरलेलं की रिकामं, हा हिशेब मात्र तोच राहिला.

९ डिसेंबर

गोल मोर बाद. लेकीचा जुना ग्राफ पेपर घेतला. दोन मिलिमीटरचं एक घर धरलं. ठसा ४८ मिलिमीटरचा चौरस, म्हणजे चोवीस घरं आडवी, चोवीस उभी. चादरीतल्या मोराला यापेक्षा कितीतरी जास्त धागे लागतात, तेव्हा काही सोडून द्यावं लागणार. काय सोडायचं याच्यावरून मी आणि मामंजी तासभर भांडलो. मला तुरा हवा होता. ते म्हणत होते तुरा गेला तरी चालेल, पाय नीट पाहिजेत. पाय नीट नसले की मोर हवेत लटकतो.

पाय ठेवले. तुऱ्याला तीन घरं मिळाली.

११ डिसेंबर

चादर उलटी करून बघताना खरी गोष्ट सापडली. सुलटी बाजू मरून रंगाचा मोर, सायीच्या जमिनीवर. उलटी बाजू सायीचा मोर, मरून जमिनीवर. एकावर एक असे दोन पदर एकाच वेळी विणले जातात, आणि नक्षी येते तिथे वरचा पदर खाली आणि खालचा वर होतो. म्हणून या चादरीला मागची बाजू अशी नाहीच, दोन्ही बाजू पुढच्या. आणि पुढून मोर उजवीकडे बघत असेल तर मागून तो डावीकडे बघतो.

तर कार्डही दोन्ही बाजूंनी छापायचं. पुढे मरून मोर, मागे मरून जमीन आणि कागदाचाच रंग असलेला मोर. कार्ड खिडकीच्या उजेडाला धरलं की दोन्ही मोर एकमेकांवर बरोबर बसले पाहिजेत. बसले तरच ती आमची चादर.

एटीसीच्या मागे आपलं नाव, कार्डाचं नाव, तारीख आणि बारापैकी कितवं ते लिहायचं असतं. ठसा वरच्या भागात येईल आणि खालची जागा लिहायला मोकळी राहील.

१४ डिसेंबर

४८ मिलिमीटरचा ठसा साध्या खोडरबरात बसत नाही. दोन खोडरबरं चिकटवून पाहिली, मोराच्या पोटातून जोड दिसतो. कोरायची मऊ रबरशीट मागवली होती, ती आज आली.

कोरण्याबद्दल दोन गोष्टी, नव्याने करणाऱ्यांसाठी. पहिली : ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने नक्षी काढायची, पेन्सिलीची बाजू रबरावर पालथी घालायची आणि नखाने घासायची. रबरावर चित्र उलटं उतरतं, आणि ठसा मारला की परत सुलटं होतं. दुसरी : पातं नेहमी रेघेपासून बाहेरच्या बाजूला कलतं धरायचं. रेघेच्या दोन्ही बाजू खाली रुंद होत गेल्या, बांधासारख्या, की रेघ टिकते. पातं आत कललं तर रेघ खालून पोकळ होते आणि चार-पाच ठशांनंतर वाकते, मग तुटते. पायऱ्यांच्या नक्षीत हे जास्त सांभाळावं लागतं, कारण प्रत्येक कोपरा सुटा असतो. कोपऱ्यावर पातं न फिरवता रबर फिरवायचं.

रात्री साडेअकरापर्यंत मान आणि पाठ झाली. रबराचे बारीक वळलेले काप सगळ्या चटईवर.

१७ डिसेंबर

पुढचा ठसा पूर्ण. नवीन रबराचा वरचा भाग गुळगुळीत असतो, शाई त्याच्यावर थेंबाथेंबांनी गोळा होते. बारीक पॉलिश पेपर एकदाच हलक्या हाताने फिरवला, मग शाई सपाट बसली.

पहिला ठसा ३० मिलिमीटरच्या पट्टीवर अर्धाच मावला, मान आणि डोळा तेवढा. मामंजींकडे नेला. त्यांनी काही न बोलता तो चादरीवर ठेवला, चादरीतल्या मोराच्या शेजारी. मग बोट ठेवून पायऱ्या मोजल्या, ओठ हलवत. “बरोबर आहे,” म्हणाले.

१९ डिसेंबर

मागचा ठसा कोरला आणि चूक केली. ट्रेसिंग पेपर तसाच पालथा घातला, पुढच्या ठशासारखा. त्यामुळे मागचा मोरही उजवीकडे बघायला लागला. उजेडाला धरल्यावर दोन मोर एकमेकांकडे पाठ करून उभे. मागच्या ठशासाठी ट्रेसिंग पेपर उलटा करून मागून परत गिरवायला हवा होता, म्हणजे मोर डावीकडे गेला असता.

रबर वाया गेलं नाही, त्याच शीटच्या दुसऱ्या बाजूला कोरता येतं. पण दोन संध्याकाळी गेल्या. वाईट वाटलं.

२२ डिसेंबर

आणखी एक नुकसान. चुकलेल्या बाजूची परत परत आठवण नको म्हणून हात दुसरीकडे वळवला. मागच्या वर्षी खोडरबरांत कोरलेले ठसे काढायला गेले, तर पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ते तळाला चिकटून बसलेले. ओढले तर पाठ डबीतच राहिली. खोडरबर मऊ ठेवण्यासाठी त्यात जे तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं, ते असल्या कडक प्लास्टिकला विरघळवतं. म्हणून तर नव्या खोडरबराला कागदाचं वेष्टण असतं. यापुढे ठसे बटर पेपरमध्ये गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात.

कमळाचा आणि कंदिलाचा ठसा गेला. कंदिलाचा मला फार आवडायचा.

२५ डिसेंबर

सुट्टी होती. मागचा ठसा परत कोरून झाला, आता मोर डावीकडे बघतो.

पण नवी अडचण. पुढच्या बाजूला रंग थोडा, मागच्या बाजूला जवळजवळ सगळा चौकोन भरलेला. एवढी सलग जागा पॅडवर दाबून कागदावर मारली की मधे पांढरे चट्टे राहतात. पॅडवर ठसा आपटण्यापेक्षा ठसा उताणा ठेवून त्याच्यावर पॅड हलके हलके टेकवत गेलं, तेव्हा शाई सारखी लागली. चट्टे कमी झाले, गेले नाहीत.

मग पद्धतच उलटी केली. ठसा पुठ्ठ्यावर चिकटवून उताणा ठेवला. कार्ड वरून पालथं घातलं आणि पळीच्या पाठीने गोल गोल घासलं. मधून सुरुवात करून कडेला. वरणाची पळी, पाठीला चांगला बाक असलेली. कार्ड उचललं तेव्हा सबंध चौकोन मरून आणि त्यात तो चोवीस घरांचा मोर. लेक ओरडली, “आई, हा दिसला!”

शाईही नीट निवडावी लागली. ऑफिसच्या पॅडची शाई पातळ, कागदात मुरते आणि पायऱ्यांचे कोपरे फुगतात. पिगमेंट शाई कागदाच्या वरच राहते, कोपरा धारदार येतो. वाळायला मात्र वेळ घेते. छापलेली कार्डं सुपात पसरून रात्रभर कपाटावर ठेवली. इथल्या कोरड्या थंडीत सकाळपर्यंत हाताला लागत नाही.

२८ डिसेंबर

आज काम नाही. सगळे हुरड्याला गेलो होतो.

१ जानेवारी

दोन्ही बाजूंचे मोर जुळवणं. एवढ्या दिवसांतलं सगळ्यात किचकट काम.

कार्ड ६४ रुंद, ठसा ४८, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर. ठसा मधोमध असल्यामुळे पुढून मागून एकच माप चालतं. ठशाच्या वरच्या आणि एका बाजूला आठ मिलिमीटर सोडून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा काटकोन चिकटवला, सुताराच्या गुण्यासारखा, ठशाएवढ्या उंचीचा. कार्ड त्या कोपऱ्यात टेकवायचं आणि हळू खाली सोडायचं. हे दोन्ही ठशांना केलं.

पहिलं कार्ड उजेडाला धरलं, मोर एका घराने सरकलेले. दुसरं, बरोबर. तिसरं परत सरकलेलं. डोकं चालेना. मग पट्टी लावून कार्डंच मोजली. तिसरं ६३ निघालं. कापताना पट्टी जराशी घसरली असणार. एका मिलिमीटरची चूक ठशापर्यंत येते.

अठराच्या अठरा मोजली. चार बाद. चौदा उरली.

४ जानेवारी

पुढच्या बाजूला मोराच्या खाली ३३ मिलिमीटर जागा रिकामी आहे. तिथे चादरीचा काठ काढायचा विचार होता. मामंजी म्हणाले, काठ कशाला, पट्टाच ठेव की.

गठ्ठ्यातला सुटलेला एक पट्टा घेतला, क्रमांक ८७. तो कार्डावर ठेवून भोकांतून स्पंजाने शाई टेकवली. शाई अगदी कमी, आधी रद्दीवर टिपून घेतलेली, नाहीतर भोकाच्या कडेखाली शिरते. पट्टा उचलल्यावर खाली बारीक गोल ठिपके, काही जागा रिकाम्या. प्रत्येक ठिपका म्हणजे वर आलेला एक उभा धागा.

बघणाऱ्याला ती नुसती नक्षी वाटेल. पण हे ठिपके म्हणजे एका विणलेल्या चादरीतल्या एका आडव्या ओळीचा तुकडा आहे. ही ओळ याच शहरात मागावर हजारो वेळा विणली गेली असेल आणि कुणाकुणाच्या अंगावर गेली असेल. मी मागे बारीक अक्षरात लिहिणार : ‘खालचे ठिपके : जेकॉर्डचा पट्टा, क्र. ८७.’

८ जानेवारी

बारा झाली. एक ठिपक्यांच्या वेळी डागाळलं, एक उरलं. उरलेलं मामंजींना दिलं. त्यांनी ते देवघराच्या फळीवर ठेवलंय, सिद्धेश्वरांच्या फोटोला टेकवून.

१६ जानेवारी

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस, चार दिवस कशालाच हात लागला नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला लेकीला घेऊन गेले होते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात उंच काठ्या, आणि ‘बोला, एकदा भक्तलिंग हर बोला हर’ म्हटल्यावर सगळा रस्ता एका आवाजात उत्तर देतो. लेकीला खांद्यावर घेतलं होतं म्हणून तिला माझ्यापेक्षा जास्त दिसलं. होम मैदानावर पाळण्यात बसायचा हट्ट झाला, तोही पुरा केला.

आल्यावर क्रमांक घातले. १/१२ पासून १२/१२. वहीत ५/१२ ठेवलं, त्यात मोर सगळ्यात छान जुळलेत. मग मनाला लागलं. सगळ्यात चांगलं आपण ठेवून घ्यायचं आणि दुसऱ्याला डावं द्यायचं, असं कसं? काढलं आणि ११/१२ ठेवलं, त्यात मागचा कोपरा थोडा फिका आहे.

१७ जानेवारी

पाकिटं. अकरा कार्डं बटर पेपरने वेगवेगळी केली, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मधे ठेवली, चारी बाजूंनी टेप. मागे एकदा कार्डं मधोमध घडी पडून पोचली होती, तेव्हापासून पुठ्ठ्याची एक बाजू आडव्या दाण्याची आणि एक उभ्या दाण्याची घेते, म्हणजे वाकत नाही. स्पीड पोस्टने पाठवली. सोबत तिळगुळाची छोटी पुडी ताईंसाठी.

२० जानेवारी

ताईंचा फोन, पोचली. त्यांनी सगळी उजेडाला धरून बघितली म्हणे. मी सांगितलं नव्हतं, मागे ‘उजेडाला धरा’ एवढंच लिहिलं होतं.

१ फेब्रुवारी

परतीचं पाकीट आलं. अकरा कार्डं. नऊ खिशांच्या पानात नऊ बसली, दोन पुढच्या पानावर.

येवल्याहून पैठणीचा काठ आलाय, सोनेरी शाई दोनदा मारलेली, हात लावला तर किंचित उंच लागते. इचलकरंजीच्या दादांनी मागाचा धोटा कोरलाय, त्यातून खरा दोरा ओवून बाहेर काढला आहे, बोटभर लोंबतो. कोल्हापूरच्या एका आजोबांनी घोंगडीचा खरखरीतपणा कसा आणावा याचं उत्तर शोधलंय : घोंगडीचा तुकडाच शाईत बुडवून दाबलाय. एवढं सोपं, आणि मला सुचलं नसतं.

मामंजींनी धोट्याचं कार्ड किती तरी वेळ हातात धरलं होतं. दोरा बोटांत फिरवून म्हणाले, “वीस नंबरचं सूत असावं.”

धुळ्याच्या मुलीने आपल्या कार्डासोबत चिठ्ठी पाठवलीय. तिला माझं ३/१२ मिळालं. लिहिते : ‘काकू, ८७ नंतर काय येतं?’

मामंजींना वाचून दाखवलं. त्यांनी पेटी पुढे ओढली, सुतळी सोडली आणि पट्टे एकेक करून मोजत गेले. ८८ वर बोट ठेवलं. त्याची दोरी अजून पक्की आहे, कात्री लागेल. लेक कात्री आणायला धावली.